रहिमतपूरचा संघ, आष्ट्याचं नाव

३ डिसेंबर
मैदान गेलं. संध्याकाळी सरावाला गेलो तर आमच्या फक्कीच्या रेघांवरून प्लॉटच्या रेघा मारलेल्या. जागेचे मालक तिथंच उभे होते. म्हणाले, बाई, इतकी वर्षं खेळलात, मी कधी काही बोललो का? खरंच बोलले नव्हते. म्हणून भांडताही येईना. पोरी हातमोजे घेऊन रस्त्याकडेला उभ्या. बारा जणींचा संघ आणि उभं राहायला जागा नाही. घरी पाठवलं.

४ डिसेंबर
मुलाणी सरांना सांगून आले. फौजेतून सुटून आल्यावर त्यांनीच हा बेसबॉलचा खेळ गावात आणला. दोन हातमोजे नि एक बॅट, एवढंच. लोक म्हणायचे, पोरींना विटीदांडू शिकवतोय म्हातारा. तेव्हा सर म्हातारे नव्हतेच. पहिल्या संघात चेंडू मी टाकायची. आता सरांना नीट दिसत नाही, म्हणून संघ माझ्याकडे. शाळेत तासावर पी.टी. शिकवायची आणि संध्याकाळी हे. सर म्हणाले, बघू कुठं जागा मिळतीया का. कोण बघणार, ते नाही बोलले.

८ डिसेंबर
ऊस तुटलेल्या रानात सराव. बुडख्यांत पाय अडकून तमन्नाचा घोटा सुजला. तमन्ना आमची कॅचर. स्नेहल चेंडू टाकते, तमन्ना झेलते, बाकीचा संघ या दोघींभोवती. तिचे अब्बा गाद्या भरायचं दुकान टाकून आले, तिला गाडीवर बसवून घेऊन गेले. मला फक्त, येतो बाई, म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

११ डिसेंबर
आष्ट्याहून फोन. तिथल्या एका संस्थेचे अण्णा. मैदान आहे, जाळी आहे, वसतिगृह आहे, जेवणखाण सगळं त्यांचं. जानेवारीत सांगलीला स्पर्धा, त्यात पोरींनी संस्थेच्या नावानं उतरायचं. मलाही कोच म्हणून घेतील, कायम. ‘ह्यां’ना सांगितलं. राजस्थानात नोकरीला आहेत, तिथून फोनवर म्हणाले, अगं मग अडलंय कुठं?  रेंज गेली असं म्हणून मी फोन ठेवला.

१४ डिसेंबर
तमन्नाचा घोटा अजून सुजलेला, ती सोडून बाकी पोरींना घेऊन आष्ट्याला जाऊन आले. एसटीनं कराड, इस्लामपूर, मग आष्टा. मैदान इतकं चांगलं की राग आला. चेंडू टाकायला लाल मातीचा उंचवटा, चोहीकडून जाळी. अण्णा माणूस वाईट नाही. जिलेबी मागवली, पोरींना नावं विचारली. म्हणाले, “मॅडम, नाव काय, आज हे तर उद्या ते. पोरी खेळल्या पायजेत.” यात चुकीचं काय, ते दिवसभर शोधतेय.
येताना स्ने. शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, “मॅडम, तितं चेंडू हरवत न्हाई.”

१५ डिसेंबर
सरांकडे. सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी विचारलं, माती कसली हाय? लाल म्हटलं. मग चांगली असंल, म्हणाले, आणि चहा ओतला. माझं डोकं फिरलं. माणसानं आयुष्य घातलं ह्यात आणि...

१९ डिसेंबर
पालकांची बैठक, देवळाच्या ओट्यावर. सात जणी जाणार. स्ने. पहिली. तिच्या आईनं माझ्याकडे न बघता सांगितलं. पाच राहिल्या, त्यात तमन्ना. अब्बा म्हणाले, खेळू दे की, पण परगावी राहायचं न्हाई. बाकीच्या चौघींच्या घरी तेवढंही बोलणं झालं नाही, नुसतं नाही म्हणून कळवलं.
स्ने. आणि तमन्ना बैठकीनंतर पायरीवर बसल्या होत्या. 
मी जाणार की राहणार, ते अजून सांगितलेलं नाही. अण्णांना म्हटलं, स्पर्धेनंतर बघू.

२४ डिसेंबर
अण्णांचा फोन. फ्लेक्स करायचाय, संघाची माहिती द्या. बसून लिहून काढली, जुना एक फोटोही जोडला. सरांचे दोन हातमोजे. औंधला यात्रेच्या माळावरचा पहिला सामना, भावांचे बूट घालून खेळलो आणि सपाटून हरलो. पुढं जिल्ह्यात पहिले आलो ते वर्ष. मग पोरी लग्न होऊन जायला लागल्या आणि एका वर्षी नऊ जणीही जमल्या नाहीत, तेव्हा सर एकटेच रोज मैदानावर जाऊन बसायचे. लिहिताना बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

२७ डिसेंबर
फ्लेक्सचा नमुना आला. “संस्थेच्या संघाची गौरवशाली वाटचाल.” जिंकलेलं सगळं आहे. रहिमतपूर नाही, औंध नाही, सर नाहीत. अण्णांना फोन केला. म्हटलं, एक ओळ घाला, एकच, मुलाणी सरांची. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, इतिहास मोठा झाला की फ्लेक्सवर मावत न्हाई. बघतो.”
बघणार नाहीत.

२ जानेवारी
आष्ट्याच्या चौकात फ्लेक्स लागला. ओळ नाहीच. वर आमचा जुना फोटो, मी आहे त्यात, दोन वेण्या. कडेला सर उभे होते तिथं फोटो कापलाय. सरांच्या मुलानं तो मोबाईलवर मोठा करून सरांना दाखवला. सर डोळ्याजवळ नेऊन बघत बसले. म्हणाले, “हात दिसतोय की माजा.” आणि हसले. मला तिथं बसवेना.

५ जानेवारी
ठरवलं. उरलेल्या पाच आणि आठवीतल्या चार नव्या, नऊ होतात. रहिमतपूरच्या नावानं उतरायचं. मुख्याध्यापक म्हणाले, हसं होईल. होऊ दे. नव्या पोरींना अजून बॅट कोणत्या हातानं धरायची ते कळत नाही. मीच ओरडते, मीच घरी येऊन स्वतःवर चिडते. त्यांचा काय दोष? पण चेंडू टाकणारीच नाही. नव्यांतल्या निकिताला शिकवतेय, बारा-तेरा दिवसांत काय होणार.

११ जानेवारी
स्ने.चा फोन. जेवण चांगलं आहे, मैदान चांगलं आहे. मग म्हणाली, तिथल्या कॅचरला तिचा चेंडू धरवत नाही, म्हणून हळू टाक म्हणतात. मी म्हटलं, मग टाक हळू. फोन ठेवल्यावर वाटलं, असं बोलायला नको होतं.

१८ जानेवारी, सांगली
पहाटेच्या पॅसेंजरनं आलो. सर प्रवास झेपत नाही म्हणून घरीच. तमन्नाचे अब्बा दुकान बंद ठेवून बरोबर आले.
पहिल्याच सामन्यात हरलो. किती धावांनी ते लिहीत नाही. निकिता रडली. एक नवी पोर चेंडू आला की डोळे मिटायची. तमन्ना एकटी शेवटपर्यंत ओरडत होती, एक बाद झाली, दोन बाद झाल्या, खेळा.
दुपारनंतर आष्ट्याचा सामना. त्याआधी स्ने. कडेला चेंडू टाकत होती आणि त्यांच्या कॅचरच्या हातातून सुटत होते. तमन्ना उठली, कुणाला न विचारता जाऊन बसली समोर. स्ने.नं पूर्ण जोरानं टाकला. धप्प. परत. धप्प. दोघींचे शर्ट दोन रंगांचे. आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली.
अण्णा माझ्याजवळ आले. म्हणाले, ही कुठली? म्हटलं, रहिमतपूरची. म्हणाले, “हिला बी आणा. आनि तुमी बी या, मॅडम. उद्या सकाळपर्यंत सांगा.”
आष्टा जिंकलं. उद्या अंतिम सामना, म्हणून सगळे संघ मुक्कामाला. आमच्या चार नव्या पोरी आताच म्हणतायत, पुढच्या वर्षी बघा मॅडम. निकितानं एक चेंडू मागून घेतलाय, उशाला घेऊन बसलीय.
जेवणानंतर अब्बा बाहेर कठड्याशी उभे होते. मी जवळ गेले. मग म्हणाले, “बाई, तुमी जाणार आसला आष्ट्याला, तर मी पोरीला पाठवतो. तुमी न्हाई, तर न्हाई.”
मी म्हटलं, सांगते.
ते अजून तिथंच उभे आहेत. इथून दिसतायत.