रेडे कापण्याआधी

साम्पेदादा,

म्हणजे बाबांना अडवलं ते मीच, असंच ना? परवा फोनवर तू अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडत होतास. "तुझ्या वाट्याचे दोन रेडे दे, म्हणजे म्हाताऱ्याचा आत्मा पुयाला, पितरांच्या गावी, पोचेल. तुझ्यापायी तो उंबऱ्यातच बसलाय."

बसू दे.

श्वास थांबून दोन वर्षं झाली, तरी आपल्या रीतीप्रमाणे बाबा, अंगाला औषध लावून, मागच्या खोलीत निजलेत. वहिनी रोज उशाशी कॉफी ठेवते आणि विचारेल त्याला सांगते, "आजारी आहेत." रेडे कापले, की त्या दिवसापासून ते मेलेले. इथे मलेशियात पामच्या मळ्यावरचा मुकादम हसतो मला. "मेला तो मेला. मागे काही उरत नाही, वेड्या." मी वाद घालत नाही. मला तरी कुठं ठाऊक आहे?

पण मी निघालो तेव्हा बाबा म्हणाले होते, "तू मला मेलास." तू ओट्यावर विडी ओढत बसून राहिलास. त्याचं उत्तर मला त्यांच्या तोंडावर द्यायचंय. करार संपायला चौदा महिने आहेत. तोवर ते आजारीच राहू देत. मेलेल्या माणसाशी मी काय भांडणार?

रेड्यांचे पैसे केव्हाच साठलेत, दादा. ते तुला कळायला नको, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

वहिनीला सांगायचं होतं, बाबांना साखर जास्त लागते.

तुझा रागावलेला,
तांदी

कॉफी-साखरेसाठी साठ रिंगिट मात्र पाठवतोय.