बघून वाजवणं

अण्णा, तुमची लेक व्हिडिओ गेम खेळायला लागली आहे. पन्नाशी उलटलेली मास्तरीण भर दुपारी मांडी घालून बसते आणि हातात मावेल एवढ्या डब्यावर ढोल बडवते, हे बघून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असतात. ढोल खरा नाही. छोट्याशा पडद्यावर उजवीकडून गोल येत राहतात. लाल आला की ढोलाच्या मध्ये थाप, निळा आला की काठावर, असं अंगठ्यांनी बटणं दाबून वाजवायचं. वेळ साधली तर शाबासकी मिळते, चुकली की पडद्यावरचा ढोल तोंड वाकडं करतो. तुमची नात कॉलेजच्या सुट्टीला आली ती हा डबा घेऊन, आणि आता तिच्यापेक्षा मीच तो जास्त अडवून बसते. "आई, दे की आता, माझा हाय तो," म्हणून ती मागं लागते. मी कुठली देतेय! पखवाज्याच्या घरातली मी, मला कोण हरवणार, अशी माझी मिजास.

तुमचा पखवाज आठवला की मला आधी आईची परात आठवते. एकादशीच्या संध्याकाळी तुम्ही जालन्याच्या रोलिंग मिलमधून गाडीनं बदनापूरला उतरायचात, हातपाय धुवायचात आणि परातीतला कणकेचा गोळा उचलायचात, पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायला. "दोन पोळ्या कमी होतेत तुमच्या वाजवण्यापायी," आई कुरकुरायची. तुम्ही काहीच बोलायचा नाहीत. आम्हाला वाटायचं, माणूसच शांत आहे. दिवसभर लोखंडाच्या त्या दणदणाटात उभं राहून तुमचे कान गेलेत, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग ती एकादशी. पाहुणे मला बघून गेले होते, होकार यायचा होता, आणि तेच नेमके त्या संध्याकाळी देवळात भजनाला येऊन बसले. मी तुमच्या अगदी मागं बसलेली. अभंग रंगात येतो आणि लाईट जाते. गाणारे थांबत नाहीत, अंधारातच शेवटची ओळ पुरी करतात. टाळ थांबतात. आणि तुम्ही एकटेच वाजवत राहता, जोरात, अगदी मजेत. कुणीतरी फिसकन हसतं, मग सगळं देऊळ हसतं. शेवटी एकानं बॅटरी लावली. समोरच्यांचे थांबलेले हात तुम्हाला दिसले, तेव्हा कुठं तुम्ही थांबलात.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी तुमच्यावर तुटून पडले. "अण्णा, तुम्हाला ऐकू येत न्हाई! किती दिवसांपासून?" तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात. "लय दिवस झाले," तुम्ही म्हणालात. "पण टाळकऱ्यांचे हात दिसले की बराबर जमतं. मी बघून वाजवतो." "बघून कुठं वाजवतेत का? पाहुण्यांसमोर माझी शोभा झाली. बास करा आता." आई मध्ये पडली, "मंग काय झालं एवढं?" पण मी ऐकून घेतलं नाही. मला तुमची लाज वाटली होती, अण्णा. पुढच्या एकादशीला आईनं न सांगता कणकेचा गोळा बाजूला काढून ठेवला. तुम्ही तो परत परातीत टाकलात. होकार आला, लग्न झालं, आणि माझ्या सासरच्यांना ती संध्याकाळ कधी आठवलीसुद्धा नाही. पखवाज खुंटीला गेला तो गेलाच. तुमच्या माघारी मीच तो काढून इकडे जालन्याला आणला.

परवा दुपारी मी एक अवघड गाणं एकही चूक न करता पुरं केलं. आनंदानं ओरडून लेकीला बोलावलं. ती पडद्याकडे बघते, मग माझ्याकडे. "आई, आवाज तर बंद हाय. सकाळी मीच बंद केल्ता." मला तर ढोल ऐकू आला होता. निदान तसं वाटलं होतं. "माहितीय मला," मी म्हणाले, "मुद्दामच बंद ठेवलाय, शेजारी झोपलेले असतेत." ती आत गेल्यावर मी आवाज पूर्ण वाढवला आणि डबा कानाला लावला. लांब कुठंतरी पत्र्यावर चार खडे पडावेत, तेवढंच आलं. वर्गातही मी पोरांच्या ओठांकडे बघूनच उत्तरं तपासते, हे मला तेव्हा उमगलं. पोरांना वाटतं, बाई फार लक्ष देऊन ऐकतात. बघून वाजवता येतं, अण्णा. पण त्यात जीव किती शिणतो ते आता कळतंय, आणि तुम्ही तर ते वर्षानुवर्षं केलंत, दिवसभर मिलमध्ये राबून आल्यावर.

लेकीला मी अजून काही सांगितलेलं नाही. कानाच्या डॉक्टरचा पत्ता एका कागदावर लिहून ठेवलाय, एवढंच. हे पत्र तुमच्या पखवाजाच्या खोळीत सरकवून देईन, दुसरीकडे कुठं पाठवणार? पण काल संध्याकाळी तिनं मला जेवायला आतून हाक मारली नाही. बाहेर आली, मागं उभी राहिली आणि खांद्यावर हात ठेवला. "चल, ताट वाढलंय." तिला कळलंय. मला एकदम रडू आलं.

कारण त्या हातामुळं मला जे आठवलं, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. देवळात टाळ थांबले, तेव्हाच तुम्हाला ते ऐकू आलं नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. कुणी हसायच्या आत तुमच्या खांद्याला नुसता हात लावला असता, तरी तुम्ही थांबला असतात. अंधारात कुणाला दिसलंही नसतं. हात पोचत होता, अण्णा. उजेड आला तर तुमच्याजवळ दिसू नये म्हणून मी मागं सरकले.