उभी उष्णता, आडवी वीज

मॅडम, कॉलेजात तुमच्या नावाने प्रयोगशाळा होते आहे, आणि तिच्या दारावरच्या पाटीवर तुमच्याबद्दल एक धडधडीत खोटं लिहायचं ठरलं होतं. चांगल्या हेतूने हं. वाईट हेतूने खोटं लिहिणाऱ्यांशी भांडणं सोपं असतं, चांगल्या हेतूवाल्यांनी मात्र मला महिनाभर छळलं. उष्णतेपासून वीज करणाऱ्या पदार्थांमध्ये विक्रमी आकडा मिळवणाऱ्या संशोधिका, अशी ती ओळ होती, कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकातून उचललेली. तो विक्रम तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकलात, हे जिवंत माणसांत बहुधा मला एकटीलाच माहीत होतं.

गंगापूर रोडच्या त्या कॉलेजात मी तुमच्याकडे आले ती कॉन्व्हेंटचं इंग्रजी आणि नाकावर राग घेऊन. सिस्टरांनी ताठ बसायला शिकवलं होतं, मराठी मात्र माझं स्वयंपाकघरापुरतंच. तुम्ही फळ्यावर लिहिता, ताण दिल्यावर पदार्थाच्या आकारात होणारा बदल म्हणजे विकृती. स्ट्रेनला पुस्तकात तोच शब्द आहे. मी फसकन हसते, कारण विकृती म्हणजे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बातमी, एवढंच मला ठाऊक. तुम्ही खडू खाली ठेवता. "हसून झालं असेल तर सांगा बाईसाहेब, विकृती किती आणि कुठल्या दिशेने? दिशा न सांगता विकृती सांगणं म्हणजे पत्ता न सांगता रिक्षात बसणं." सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी तुमची झाले, हे तुम्हाला कधी कळलं की नाही कोण जाणे.

पुढे मी तुमच्या हाताखाली काम करू लागले, तेव्हा आपण बिस्मथ आणि टेल्युरियमची पूड करायचो, ती साच्यात घालून सातपूरच्या एका वर्कशॉपमधल्या प्रेसवर दाबायचो आणि तिच्या वड्या पाडायचो. टेल्युरियम अंगात गेलं की तोंडाला लसणाचा वास येतो. ऐन चातुर्मासात आईने मला दारातच थांबवलं, "कुठे खाऊन आलीस?" मी टेल्युरियम म्हटलं तर ती म्हणाली, "त्या हॉटेलात परत जायचं नाही." तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात, आणि दुसऱ्या दिवशी दोघींसाठी मास्क आणि हातमोजे घेऊन आलात.

वडीची एक बाजू तापवायची, दुसरी थंड ठेवायची, की वीज मिळते. पण उष्णता भराभर पलीकडे पोचली तर दोन्ही बाजू सारख्याच आणि खेळ खलास. म्हणून आत दोष हवेत, म्हणजे जागा सोडलेले अणू, कणांमधल्या शिवणी, दाबाने वाकलेल्या रांगा. उष्णता त्यांना अडखळते, वीज बरीचशी निसटून जाते. दोष फार झाले तर वीजही अडखळते. हल्ली कुठलाही वक्ता उठून "दोषातच सौंदर्य असतं" म्हणतो. तुम्ही त्याला विचारलं असतंत, कुठला दोष आणि किती?

मग तो आकडा आला, उष्णता किती अडते आणि वीज किती धावते या दोन मापांतून निघणारा. जोरात दाबलेल्या वडीने कोणी ऐकलं नव्हतं इतकं चांगलं काम केलं. विभागप्रमुखांनी पेढे वाटले. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही मला जेवायला बोलावलंत. तुमच्या ओट्याशी उभ्या राहून तुम्ही डब्यात पोहे भरताय, जागा व्हावी म्हणून तळहाताने दाबताय, आणि हात तसाच थांबतो.

"अगं, हे सगळे आडवे पडले."

"पोहेच ते मॅडम, दाबल्यावर पडणारच."

"वडीतही पडले असणार. आपण उष्णता मोजली उभी आणि वीज मोजली आडवी."

त्या पदार्थाचे कण पोह्यांसारखेच चपटे असतात. थरांना छेदून जाताना उष्णता अडते, थरांच्या बाजूने वीज सुसाट धावते. आपण दोन वाटांवरचे दोन चांगले गुण एकाच नावावर लावले होते, स्थळ सांगताना उंची धाकट्याची आणि पगार थोरल्याचा सांगावा तसे. तुम्ही दोन्ही मापं एकाच दिशेने पुन्हा घेतलीत. दाबाचा आणि दोषांचा खरा फायदा उरला, पण एवढासा. विभागप्रमुख म्हणाले, "राहू द्या हो, पेढे वाटून झालेत." तुम्ही म्हणालात, "पेढे परत घेता येत नाहीत. आकडा घेता येतो." आणि घेतलात, छापायला गेलेल्या निबंधासकट.

आताचे प्राचार्य माझे विद्यार्थी, चांदवडहून एसटीने यायचे. फोनवर म्हणाले, "मॅडम, तुम्ही उगाच ताण घेताय."

"ताण मी घेत नाही, मोजते. ती ओळ काढ."

"पण उभं काय नि आडवं काय, लोकांना काय कळतंय?"

"तुला कळायला हवं. फिजिक्सचे मार्क मी दिलेत तुला."

"मग लिहू काय?"

"आपला सर्वांत मोठा आकडा यांनी स्वतः मागे घेतला, असं लिही."

"लय वंगाळ दिसंल ते मॅडम!" चिडले की ते अजून चांदवडचंच बोलतात. मी म्हटलं, असं जमत नसेल तर पाटीवर माझ्या मॅडमचं नाव नको. तीन आठवडे अबोला. मग एक दिवस त्यांनीच फोन केला, "मॅडम, त्यांनी खरंच मागे घेतला? कोणी पकडलं नसताना?" मी हो म्हटलं. काल पाटी लागली, मी सांगितलेल्या ओळीची. मी चष्मा पुसून दोनदा वाचली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. काल सगळ्यांसमोर मी तुमच्या सचोटीवर भाषण ठोकलं. पण तुम्ही तो आकडा मागे घेतलात तेव्हा मला अभिमान वगैरे काही वाटला नव्हता. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले होते. ते थोडेच दिवस आपण दोघी जगात पहिल्या होतो, मॅडम, आणि मला ते फार आवडलं होतं.