पिवळ्या मिठातली चांदी

जव्हार, ता. ७ जानेवारी १९१२
आज पुन्हा तेच. चुलीवर वाळूची कढई, वाळूत काचेची नळी, नळीत ठासलेलं पिवळं मीठ (चांदी + आयोडीन), दोन्ही टोकांना चांदीच्या चकत्या. बाहेर शाळेतले दोन विद्युतघट आणि तार गुंडाळलेलं होकायंत्र. १४० अंशांपर्यंत सुई ढिम्म. १४७च्या आसपास एकदम फिरून आडवी झाली. मीठ वितळलं म्हणावं तर त्याला साडेपाचशेच्या वर लागतात. काडीनं टोचलं, कडक आहे. मग वीज जाते कशातून?
जानी (पोशेरा गावची, नानांचं अंथरूण-पांघरूण बघते) म्हणाली, "मास्तर, हळद भाजून काय करशील रं?"

ता. १४. संक्रांत
मुंबईच्या कॉलेजातून वडिलांच्या दुखण्यासाठी एक महिन्याची रजा घेऊन आलो, त्याला आज तीन वर्षं झाली. तिथे प्रयोगशाळेत मदतनीस होतो, इथे शाळामास्तर. ती. नानांचं उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. एक 'ना' तेवढा येतो. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाहीत. सौ.च्या हातचंही नाही. दोन वेळा मी, रोज. गुळपोळी कुस्करून भरवली.

ता. १९
प्रयोग कळवला होता, त्यावर कॉलेजातल्या प्रो. साहेबांचं उत्तर आलं. चार ओळी. मीठ ओलं असणार, म्हणतात. चार तास तापवून सुकवलं होतं, तसं लिहिलंही होतं. वाचलंच नाही.

ता. २८
खोडाळ्याहून परत. शुद्ध चांदीच्या नव्या चकत्या सोनाराकडून करून घेतल्या, त्याचा बारका काटाही मागून आणला. बाजार विरळ होता. माणसं थोडी, जागा पुष्कळ, जो तो सावलीसाठी सरकत होता. तेव्हा एक विचार आला...
मी नव्हतो ते दोन दिवस नानांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

ता. ४ फेब्रु.
तीन तास वीज सोडली. डावी चकती गुंजभर हलकी झाली, उजवी जड. मधल्या मिठाचं वजन तेवढंच! म्हणजे चांदी घन मिठातून चालत गेली. माझा अंदाज : आयोडीन आपापल्या जागी उभं आहे, चांदीच्या आयनांना मात्र जागा जास्त आणि ते थोडे. उष्णतेनं ते मोकळे होतात, या जागेवरून त्या जागेवर.
आनंदानं सौ.ला हाक मारली. हात पिठाचे तशीच आली.

ता. ५
वजनासाठी काढलेल्या चकत्या आज दिवसाउजेडी निरखल्या. उजव्या चकतीवर चांदीचे केस उगवलेत, मिठात शिरलेले. ते वाढत पलीकडे टेकले असतील तर वीज त्या केसांतूनच गेली, साध्या तारेतून जावी तशी. मग माझं सगळं खोटं. साहेब हेच धरणार. शाळेत मन नव्हतं.
जेवताना सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तार जुळली असेल तर निवल्यावरही जुळलेलीच राहील ना? कढई उतरवून बघा की."
चौथीपर्यंत शिकलेली आहे.

ता. ६
नवी नळी भरली. तापवली, सुई फिरली. कढई उतरवली, १४५च्या आत सुई परत जागेवर. पाच वेळा केलं. मी अंश वाचत होतो, सौ. सुई. आम्ही स्वयंपाकघरात गेलो की नाना ओरडतात, म्हणून त्यांची खाट दारापाशी ओढली. त्यांची नजर सुईवर. पाचव्या वेळी ती फिरायच्या आधीच त्यांनी डावं बोट उचललं.

ता. १८
साहेबांचं पत्र. म्हणतात, लिहून उपयोग नाही, माझ्यासमोर करून दाखव, मग मी छापायला पुढे पाठवतो. पण ९ मार्चला ते कायमचे विलायतेला चालले. त्यांच्यानंतर माझं तिथे कोण ऐकणार?
पालघरपर्यंत बैलगाडी दोन दिवस, पुढे रेल्वे. जाऊन-येऊन आठवडा. नाना आठवडाभर...

ता. २२
मुद्दाम शाळेत उशिरापर्यंत थांबलो. सौ.नं भरवून पाहिलं, नानांनी मान फिरवली. जानीच्या हातचे दोन घास घेतले आणि थुंकले. ती म्हणाली, "म्हातारा माझे हातचा नाय खात. तुझीच वाट बघतो."
मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "मला जगू द्यायचं नाही का तुम्हाला?" ते रडले. एका डोळ्यातूनच पाणी येतं. मग भरवलं. सगळं खाल्लं. शरम वाटते. रागही गेलेला नाही.

ता. २ मार्च
उद्या होळी. गाडीवान मिळेना. एक जण ५ला सकाळी यायला तयार झालाय.
सौ. : "तुम्ही जा."
"आणि त्यांचं काही झालं तर?"
"तर मी इथे असेन."
"लोक काय म्हणतील?"
"लोक भरवायला येतात का?"
नळी कापसात गुंडाळून पेटीत ठेवली.

ता. ५
काल नानांजवळ बसून सगळं सांगितलं : मुंबई, साहेब, आठ दिवस. जानीनं भाताची पेज आणली. सहा चमचे घेतले तिच्या हातचे, माझ्याकडे बघत. वाटलं, समजलं त्यांना.
आज सकाळी तोंड घट्ट मिटलंय. जानीकडून नाही, सौ.कडून नाही, माझ्याकडूनही नाही. पहिल्यांदाच. डाव्या हातानं माझं धोतर धरलंय. 'ना' म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत. जा म्हणतायत की राहा, कळत नाही.
गाडी दारात आहे. गाडीवान दोनदा हाक मारून गेला, ऊन चढेल म्हणतो. पेजेची वाटी खाली ठेवून हे लिहितोय. सौ.नं आत्ता मला न विचारता पेटी उचलली आणि गाडीत नेऊन ठेवली.