केंद्राची खोली कोण झाडतं

जालना,
७ जानेवारी २००२

ती. सौ. ताईस,
संपतचा सविनय जयभीम. वि. वि.

मंठ्यात तुम्ही सगळे खुशाल असाल. विद्यापीठानं इथल्या कॉलेजात काढलेल्या आमच्या साहाय्य केंद्राला यंदा वीस वर्षं होतात. मागास घरांतल्या मुलामुलींना इंग्रजी-गणित शिकवून कॉलेजात टिकवायचं, एवढ्यासाठी निघालेलं केंद्र. त्याचा इतिहास लिहायचं काम संचालकसाहेबांनी माझ्या गळ्यात घातलंय. रोजंदारीवरचा कारकून इतिहासकार झाला, हस आता पोटभर. पण पुस्तिका मनासारखी झाली तर मार्चमध्ये मला कायम करतो म्हणालेत. आठ वर्षं वाट पाहतोय, ताई.

कपाटात पहिल्या तुकडीचा फोटो सापडला. तू आणि तुझी मैत्रीण कौसल्या केंद्राची खोली झाडताय. साहेबांना तो मुखपृष्ठावर हवाय. खाली 'श्रमदानातून स्वावलंबन' ही ओळ मीच सुचवली. समारंभात तुझा सत्कारही आहे. त्या दिवसांच्या चार आठवणी पाठव.

दाजींना जयभीम. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
संपत

मंठा,
१४ जानेवारी २००२

चि. संपत,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून शिसारी आली. दुसरा शब्द सापडत नाही.

ते श्रमदान नव्हतं, बाबा. कॉलेजचा शिपाई सगळे वर्ग झाडायचा आणि आमच्या खोलीच्या उंबऱ्यावरून माघारी फिरायचा. कौसल्या आणि मी तक्रार घेऊन गेलो, तर कार्यालयातले मोठे बाबू म्हणाले की तुम्हा लोकांना सवय असतेच, घ्या झाडून. वर्षभर झाडलं आम्ही. पुढे विद्यापीठाचे पाहुणे केंद्र बघायला आले, तेव्हा आमच्या हातात झाडू देऊन आम्हाला उभं केलं. तो फोटो त्या दिवसाचा. नीट बघ, कौसल्या कॅमेऱ्याकडे बघतच नाही.

केंद्रानं मला घडवलं, हे मी नाकारत नाही. इंग्रजीचे सर रविवारीसुद्धा सायकल हाणत शिकवायला यायचे. त्यांच्यावर दोन पानं लिही, मी मजकूर देते. पण ती घाण धुऊन पुसून मुखपृष्ठावर मांडायची, आणि तीही माझ्या भावाच्या हातून? मला सत्कार नको.

जेवणाची आबाळ करू नकोस. राग आला तरी पत्र धाड.

तुझी,
बेबीनंदाताई

जालना,
२२ जानेवारी २००२

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

रविवारी घरी पिंपळगावला गेल्तो. आण्णांनी तुझी कॉलेजातली सगळी पत्रं पेटीत जपून ठेवलीत. मला वाचायला लावली. ऑगस्ट ब्याऐंशीच्या पत्रात तूच लिहिलंयस की आम्ही रोज श्रमदान करतो, साहेबलोकांच्या मुलीही करतात. आण्णा अजून ते अभिमानानं सांगतात. मी तेच ऐकत वाढलो. मग मी खोटं कुठं लिहिलं? असलंच तर ते तुझं आहे. मी फक्त छापतोय.

महिनाअखेरीला मजकूर छापखान्यात जाईल. चुकून अधिक बोललो असेन तर पोटात घाल.

संपत

मंठा,
२७ जानेवारी २००२

चि. संपत,
आशीर्वाद.

हो, मी खोटं लिहिलं. आण्णांनी गावकीची कामं सोडली, त्यापायी मार खाल्ला, पण दुसऱ्याच्या दारचा झाडू पुन्हा धरला नाही. मला एसटीत बसवताना म्हणाले होते, "झाडू हाती दिला की तशीच माघारी ये. शिक्षण गेलं तरी चालंल, पण हे न्हाई." खरं कळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेले असते. मला परत जायचं नव्हतं. बी. ए. व्हायचं होतं. त्या पत्राची मला अजून किळस येते.

नोकरी कायम व्हावी असं मलाही वाटतं. तुला काय छापायचं ते छाप, मी आड येणार नाही. एवढंच कळव, ती खोली आज कोण झाडतं?

ताई

जालना,
२ फेब्रुवारी २००२

ती. ताईस,
जयभीम.

मुलीच झाडतात. सोमवार ते शनिवार पाळ्या असतात. आठ वर्षांत तीन शिपाई बदलले, पण ते खोलीत का येत नाहीत हे मी एकालाही विचारलं नाही. पाळ्यांचा तक्ता दर महिन्याला मीच करतो, सुवाच्य अक्षरात. वर मथळा असतो 'श्रमदान'. तुझं पत्र हातात घेऊन त्या तक्त्यासमोर उभा राहिलो आणि माझी मलाच शिसारी आली.

तक्ता फाडला. फोटो छापखान्यातून परत आणला आणि साहेबांना कारण सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की मग मार्चचंही राहू द्या. उद्यापासून शिपाई झाडेपर्यंत खोली मी झाडणार आहे.

रविवारी आण्णांकडे जातोय. तुझ्या त्या ब्याऐंशीच्या पत्राबद्दल बोलणार नाही. माझ्या तक्त्याबद्दल सांगणार आहे.

लोभ उरला असेल तर राहू दे.

संपत