पाच कागदी हातमोजे

विंटरकोम्ब, ता. ५ मे १८८४

चि. थर्झास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बहिणीची, सिलिनाची माती व्यवस्थित झाली. तुझ्या पोरीला गोवर असताना तू कशी येणार होतीस, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. (त्या पोरीचं नाव माझ्या लेखणीतून उतरत नाही, ते तुला ठाऊकच आहे.) जावईबापूंना म्हणावं, खोकल्याचं औषध वैद्याकडे मिळतं, गुत्त्यात नव्हे.

सिलिनाचा मुकुट मीच केला. आपल्याच कुंपणातली काठी वाकवली, कागदाचे गुलाब केले, खाली पाच पांढरे हातमोजे कातरून लावले. काल पहिला रविवार झाला, कुणी उठलं नाही. अजून दोन रविवार देवळात मधोमध टांगलेला राहील. अविवाहित गेलेल्या मुलीच्या चालीवर कुणाला बोट ठेवायचं असेल तर उठून ठेवावं, नाहीतर मुकुट कायमचा भिंतीवर, आपल्या आत्तेपणजीच्या मुकुटाशेजारी.

मला धास्ती आहे ती जुडिथ पेलची. समोरच्या बाकावरून टक लावून बसते. सात वर्षांमागे तिच्या मुलीच्या मुकुटावर मीच बोट ठेवलं. लाल शालीतली तिची नेल कापणीला आलेल्या परक्या गड्याबरोबर मेंढपाळाच्या झोपडीतून निघताना मी या डोळ्यांनी पाहिली होती. खरं होतं ते बोलले. भिंतीवरची नेलची खुंटी अजून रिकामी आहे. आता जुडिथ उट्टं काढील.

त्या हिवाळ्यात सिलिना तुझ्याकडे राहिली होती. तिच्यावर किटाळ येण्याजोगं काही नाही ना, एवढंच लिही, म्हणजे मी ताठ मानेने बसेन.

तुझी,
आई


साउथॅम्प्टन, ता. १० मे १८८४

ती. आईस थर्झाचा सा. न. वि. वि.

तुला हवं ते उत्तर लिहायला दोनदा बसले, दोनदा फाडलं.

तू माझ्या पोरीचं नाव घेत नाहीस. ते नाव सिलिनाने ठेवलं, कारण पोर तिची आहे. मी तिला पदरात घेतलं आणि जगाला माझी म्हणून सांगितलं.

आई, तू शाल पाहिलीस, तोंड पाहिलं नाहीस. शाल नेल पेलचीच, पण त्या संध्याकाळी ती सिलिनाच्या अंगावर होती. उसनी नेलेली. नेल तेव्हा घरी तापाने फणफणत होती. जुडिथमावशी देवळात तसं ओरडून सांगत होत्या आणि कुणी ऐकलं नाही. शाल कुणाला दिली ते सांगायचं नाही, अशी नेलने मरताना त्यांना शपथ घातली होती. तू बोट ठेवायला उठलीस तेव्हा सिलिना तुझ्या शेजारीच बसली होती. तिला उठायचं होतं, पण पायच उठले नाहीत, असं ती माझ्याजवळ रडायची. क्षय नंतर झाला, झुरायला ती त्याच दिवशी लागली.

जुडिथमावशी गप्प राहतील. तूही राहा. मेलेल्या दोघींना आता काय? माझ्या पोरीला मात्र मला आई म्हणू दे. तुझ्या पाया पडते.

तुझी,
थर्झा


विंटरकोम्ब, ता. २० मे १८८४

चि. थर्झास आशीर्वाद.

परवा तिसरा रविवार झाला. पाद्रीबाबांनी रीतीप्रमाणे विचारलं. जुडिथने मान खाली घातली. तिने डोळे वर केले असते तर कदाचित मी बसून राहिले असते.

मी उठले आणि म्हणाले, "त्या लाल शालीत माझी पोर होती. नेल पेल नव्हती." तुझ्या लेकराबद्दल चकार शब्द काढला नाही, घाबरू नकोस.

मग मुकुट उतरवायला लावला आणि मी तो नेलच्या खुंटीवर अडकवला. मला वाटलं, फेड झाली. जुडिथ काठी टेकत आली, तिने तो काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "एकदा शाल उसनी दिली, तेवढं पुरे. माझ्या पोरीला उसनं काही नको."

परतताना वाटेत कुणी माझ्याशी बोललं नाही.

काल सकाळी जुडिथ दारात उभी, बगलेत पांढरा कागद. तिला आता जवळचं धड दिसत नाही. तिने आपला पंजा माझ्या टेबलावर कागदावर ठेवला. नेलचा हात एवढाच होता, म्हणाली. त्याभोवती रेघ ओढून मी पाच हातमोजे कातरले. चहाला ती थांबली नाही. नेलचा मुकुट रविवारी चढेल. सिलिनाचा माझ्या पलंगाशी टांगला आहे.

मी त्या दोघींचं काय केलं, थर्झा. सिलिना रोज माझ्या हातची भाकर खात होती आणि तिला माझी भीती वाटत होती.

लोभ ठेव असं म्हणायला मला तोंड नाही. गोवर उतरला असेल तर नेलला घेऊन ये. बघ, लिहिलं. नेलला तिच्या आजीचा पापा.

तुझी,
आई