संक्रांतीला जन्मलेले साहेब

मुक्काम बोरवाडी (येलदरी धरणाजवळ)
१५ जानेवारी १९७५

ती. सत्यशीला अक्कास,

धाकट्या पंडितचा सविनय जयभीम. बाबांचा खोकला कमी झाला का, दाजींचा गुडघा जिना चढू देतो का आणि तू स्वतः वेळेवर जेवतेस का, हे तिन्ही सविस्तर कळव. माझ्या प्रकृतीचं म्हणशील तर काल सकाळी अकरापर्यंत ती ठणठणीत होती. त्यानंतर काय झालं ते खाली वाच.

तुला ठाऊकच आहे की मला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, हे आमच्या विस्तार अधिकाऱ्यांच्या एका शेऱ्यावर अडलं आहे. हे बन्सीधरराव साहेब (तुझ्याच गल्लीत राहतात, पिवळ्या दाराचं घर) काल शाळा तपासायला येणार असा निरोप होता. म्हणून संक्रांत असूनही मोठ्या गुरुजींनी, म्हणजे व्यंकटरावांनी, सकाळची शाळा ठेवली. आमच्याकडे दिनविशेषाचा फळा माझ्या ताब्यात असतो. रोज त्या तारखेची एक घटना, एक सण आणि एक जन्म लिहायचा, आणि साल दिसलं की पोरांनी वजाबाकी करून 'किती वर्षं झाली' ते एका सुरात ओरडायचं, ही पद्धत मीच पाडली (तिचा मला कालपर्यंत अभिमान होता). १४ जानेवारीला घटना होती पानिपतची आणि सण संक्रांतीचा. जन्म मात्र मिळेना, कारण दिनविशेषाच्या पुस्तिकेचं ते पान दिवाळीच्या सुट्टीत शेळीने अर्धं खाल्लं आणि नेमके जन्म तिच्या पोटात गेले.

म्हणून मी धुरपताबाईकडे गेलो. ही गावची सुईण, वय ऐंशीच्या पुढे. तारखा तिला कळत नाहीत, पण कोण कोणत्या सणाला जन्मलं हे ती झोपेतही सांगेल. संक्रांतीचं कोण, असं विचारल्यावर म्हणाली की बन्सी, जो मामाकडे शिकायला गेला आणि आता परभणीला साहेब झालाय. सासूच्या हाताखाली तिने केलेलं पहिलं बाळंतपण तेच. अक्का, मला वाटलं, आभाळातून शेरा पडला. साहेब आमच्याच गावचे, आणि त्यांचा वाढदिवस नेमका तपासणीच्या दिवशी! मी रंगीत खडूने भोवती वेल काढून लिहिलं, 'जन्म: आपल्या गावचे सुपुत्र मा. बन्सीधरराव साहेब.' सालाची जागा कोरी सोडली आणि म्हातारीला तिळगूळ द्यायला म्हणून मुद्दाम बोलावून पुढच्या बाकावर बसवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण बाबा माझ्याकडे बघून का म्हणायचे ते काल कळलं.

साहेब आले. फळा वाचून आधी जरा ओशाळं हसले, मग म्हणाले की आपली जन्मतारीख १ जून आहे. (आपल्या भागात शाळेत घालताना मास्तर सगळ्यांचीच १ जून लावतात, तुझी-माझीही तीच. एवढं मला आधी आठवू नये?) मी पुसायला फडकं उचललं तेवढ्यात म्हातारी उठली.

"जून कशाचा रे बन्सी? मानमोडीच्या आदीची तिसरी संक्रांत ती. मानमोडी आली तवा तू माझं बोट धरून वढ्यावर येत व्हतास."

मानमोडीची साथ १९१८ ची, हे चौथीला मागच्याच महिन्यात मी शिकवलं होतं. मी डोळ्यांनी खूप खुणावलं, पण पोरांना तो नेहमीचाच प्रश्न वाटला. त्याआधीच्या संक्रांती १९१८, १९१७, १९१६, म्हणजे तिसरी १९१६ ची. ते १९७५ मधून वजा. चाळीस गळे एकदम ओरडले, एकोणसाठ. इतकी बिनचूक वजाबाकी या वर्गाने वर्षभरात केली नव्हती.

सरकारी कागदावर साहेब छप्पन्न वर्षांचे. नोकरीतून घरी बसायचं अठ्ठावन्नला. म्हणजे खुर्ची वर्षापूर्वीच सुटायला हवी होती. हे भिंतीवरच्या पालीलाही कळलं असेल, पण ते बोलून दाखवायला व्यंकटराव होते (त्यांना स्वतःला येत्या मेअखेर घरी बसायचंय आणि त्याचं त्यांना फार दुःख आहे). त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "साहेब, रिटायरमेंट अठ्ठावन्नलाच असतं ना?"

साहेबांनी खिशातला रुमाल काढून स्वतः फळा पुसला, पानिपतासकट. शेरेबुक मिटलं, पेन खिशाला लावलं, शेरा मागाहून पाठवतो म्हणाले आणि तिळगूळ न घेताच जीपमध्ये बसले. कालपासून मला अन्न गोड लागत नाही. मला भीती वाटते अक्का, खरंच वाटते. ही नोकरी गेली तर बाबांना तोंड कसं दाखवू?

दाजींना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

तुझा
पंडित

ता. क. १: खरं काम राहिलंच. धुरपताबाई साहेबांना तिळगूळ द्यायला परभणीला निघाली आहे. सणाच्या दिवशी लेकरू तोंड फिरवून गेलं, हे तिच्या मनाला लागलंय. तिने त्यांच्या दारात चार शेजाऱ्यांसमोर पुन्हा मानमोडी काढली, तर माझा निकाल लागलाच म्हणून समज. तेव्हा शेरा येईपर्यंत तिला तुझ्याकडेच ठेवून घे. डोळे तपासायचेत म्हणून सांग, काहीही सांग, पण गल्लीत सोडू नकोस.

ता. क. २: साहेबांचं घर तू दाखवशील असं सांगून हे पत्र तिच्याच हाती देतोय. तुझ्यासमोर उभी आहे ती तीच. तिला वाचता येत नाही, पण चेहरे येतात. वाचताना चेहरा साधा ठेव.

ता. क. ३: एस.टी. अजून आली नाही म्हणून थांब्यावर बसून चार ओळी. पत्रात काय लिहिलंस, असं तिने विचारलं. मी म्हटलं, खुशाली. तिळगुळाची पुरचुंडी पदराच्या टोकाला बांधत ती म्हणाली, "मास्तर, मला डांबून ठिवायला सांगितलं आसशील तर खोडून टाक. बन्सीला येवढंच सांगाय चाललेय, की म्हातारीला आता कायबी आठवत न्हाई." अक्का, वरचे दोन्ही ता. क. खोडले असं समज, आणि तिला हाताला धरून पिवळ्या दारापर्यंत नेऊन सोड.